बायकोच्या पुठ्ठ्यांवर मी नव्हतो

माझ्या बायकोने दोन वर्षांत चारशे बारा चित्रं काढली आणि त्यातल्या एकातही मी नव्हतो. आकडा पक्का आहे, मी स्वतः मोजली.

त्या चित्रांत आमची मुलगी होती, शेजाऱ्यांची शेळी होती, वडगाव स्टेशनावर पेपर वाचता वाचता झोपणारा माणूस होता, आमचा कुकर होता. कुकर तर डोळे-बिळे लावून तीनदा काढला होता. ज्याच्याबरोबर तिने सोळा वर्षं संसार केला तो मी कुठेच नव्हतो. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहायचं तर खरं लिहावं.

मी मूळचा टाकवे बुद्रुकचा, आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट. माझ्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलंच नव्हतं. गावातून कान्हे फाट्यापर्यंत पायी, नाहीतर मिळेल त्या टेम्पोने, तिथून लोकलने तळेगावला, असं तीन वर्षं करून बीएस्सी झालो. विहारात माझा सत्कार झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भातखाचरात राबलेल्या माझ्या वडिलांनी ती सत्काराची शाल पुढे कधी कुणाला पांघरू दिली नाही, मलासुद्धा नाही. आता मी वडगावला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे, जुन्या फाइलींच्या खोलीत. निकाली निघालेली फाइल माझ्या टेबलावर येते. तिच्या प्रत्येक पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मी लाल पेनने नंबर घालतो, सगळ्यात वर कागदांची यादी लावतो, नाडीने बांधतो आणि रॅकवर चढवतो. हे काम मला येतं आणि येतं याचा मला अभिमान आहे.

बायको दहावी झालेली. तिचं माहेर कामशेतच्या आत, डोंगराकडेला. लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात ती पॅकिंगला जाते. रोज सकाळच्या लोकलने जाते, संध्याकाळच्या लोकलने येते. दुकानात ती पुण्यासारखं शुद्ध बोलते, घरी आली की चपलेबरोबर ते बोलणंही दारात सोडते.

दोन वर्षांपूर्वी तिला धडधड सुरू झाली. शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड उडाली, काउंटरवर दहा जण एकदम ओरडायला लागले की हिच्या छातीत ठोके पडायचे, हात गार पडायचे. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टेन्शन आहे, गोळी लगेच नको, हाताला काहीतरी आवडीचं काम द्या, विणा, रंगवा, काहीही करा.

मी लगेच विचारलं, "कोणता क्लास लावावा?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हसल्या. "क्लास नको. क्लास लावला की परीक्षा आली."

बायकोने काहीच विकत आणलं नाही. दुकानात छपाई चुकलेले खोके पडून असतात, नाव तिरकं आलेलं नाहीतर रंग सरकलेला. ते उलगडले की आतली बाजू कोरी निघते. तिने ते हातभर पुठ्ठे कापून पोस्टकार्डाएवढे केले आणि बॉलपेनने त्यांवर चित्रं काढायला लागली. तिचा नियम एकच. चहा कपात ओतायचा, चित्र सुरू करायचं, चहा गार व्हायच्या आत संपवायचं. जे झालं ते झालं, खोडायचं नाही, परत काढायचं नाही. मग गार चहा एका घोटात पिऊन कामाला लागायचं.

मी पाहिलेलं पहिलं चित्र म्हणजे गॉगल लावलेली एक पर्यटक बाई, डोक्यावर मोठी टोपी आणि टोपीत बसलेली कोंबडी. दुकानात त्या बाईने चिक्की ताजी आहे का म्हणून सात वेळा विचारलं होतं.

"कोंबडी कशाला?" मी विचारलं.

"ती इचारत व्हती तवा मला टोपीत कोंबडी दिसत व्हती. मग मला हसू याया लागलं. हसू आलं की धडधड व्हत न्हाई."

मी चित्र हातात घेऊन नीट पाहिलं आणि म्हणालो, "कोंबडीला पुढे तीन बोटं असतात. तू दोनच काढलीत."

तिने चित्र माझ्या हातातून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं. दोन बोटांसकट.

महिनाभरात तिची धडधड कमी झाली. दोन महिन्यांत तर मालकाने आवाज चढवला तरी ती घरी येऊन त्याची नक्कल करायला लागली. मला आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पण खरं सांगायचं तर त्या आनंदाच्या खाली एक कडवट थर होता. ब्लडप्रेशरची गोळी मी चार वर्षं घेत होतो. मान आखडायची. ऑफिसात एखादी फाइल सापडली नाही की दोन दिवस जेवण जायचं नाही. बीएस्सी झालेल्या माणसाला जे गोळ्यांनी जमलं नाही ते हिला बॉलपेनने जमलं. आणि कशावर, तर फेकायच्या पुठ्ठ्यावर.

म्हणून मीही बसलो. चांगली चित्रकलेची वही आणली, पेन्सिली आणल्या, खोडरबर, पट्टी. एका रविवारी सकाळी ती दुकानात गेल्यावर दारातल्या कुंडीतलं जास्वंदीचं फूल समोर ठेवलं आणि काढायला लागलो. दोन तास लागले. संपलं तेव्हा मलाच कळलं की मी फूल काढलंच नव्हतं. मी जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद काढला होता. उजव्या बाजूला पट्टीने रेघा ओढून नावं दिली होती, पुंकेसर, कुक्षी, बीजांड. खाली चौकटीत आकृतीचं नाव. कॉलेजच्या जर्नलात माझ्या आकृत्यांना नेहमी शेरा चांगला मिळायचा. चित्र म्हणून मला तेवढंच शिकवलं होतं, आणि आमच्या घरात वहीचं पान दुसऱ्या कशासाठी वापरायची पद्धतही नव्हती.

आठवीतली मुलगी मागून डोकावली. "पप्पा, भारी आलंय. पाच मार्क."

"पाचच?"

"पाचचाच प्रश्न असतो."

माझी मान त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त दुखली. वही कपाटात गेली.

इथपर्यंत ठीक होतं. एखाद्याला एक गोष्ट येते, दुसऱ्याला येत नाही. पण मग मी तिची चित्रं वारंवार बघायला लागलो आणि मला ते दिसलं. सगळे आहेत, मी नाही. आधी वाटलं, पुढच्या आठवड्यात येईन. मग वाटलं, मी तिच्यासमोर पुरेसा नसतो. मी सांगतो त्यावर हसू नका, पण मी तिच्या चहाच्या वेळेला समोर येऊन बसायला लागलो. खिडकीशी, उजेड तोंडावर पडेल असा. एकदा इस्त्रीचा शर्ट घातला.

"कुटं निगालाय?" तिने विचारलं.

"कुठे नाही. बसलोय."

"मग जरा सरका. मागची शेळी दिसना."

शेळी काढली तिने. दाढीसकट.

आणि मग ते आबा. चित्रांमध्ये एक म्हातारा सारखा यायचा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात भलंमोठं उलथणं, समोर कढई. कधी त्याचे हात सहा असायचे, कधी तो कढईत होडी चालवायचा, कधी गुळाच्या ढेपेवर झोपलेला. मी विचारलं तर म्हणाली, "आबा हायेत. भट्टीवर पाक करत्यात."

"रोज त्यांनाच का काढतेस?"

"रोज कुटं. मधून मधून."

मधून मधून नव्हतं ते. माणूस म्हातारा आहे हे दिसत होतं, तसला संशय मला नव्हता. मला जळवत होती ती रेघ. आबांची पाठ तिने एका दमात काढलेली असायची, पेन न उचलता, एखाद्याला खूप वेळ, खूप निवांत पाहिलं असलं तरच निघेल अशी. मला कुणी एवढं निवांत पाहिलंय का, हे मला आठवेना.

एके दिवशी ती डबा विसरली. मी अर्धी रजा टाकली आणि डबा घेऊन लोणावळ्याला गेलो. डबा हे निमित्त होतं, एवढं कळायची अक्कल मला आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला भट्टी. गुळाचा वास, शेंगदाण्याची टरफलं, आणि कढईशी तेच टॉवेल गुंडाळलेलं डोकं. बायको पुढे काउंटरला होती.

आबांनी मला लगेच ओळखलं. "या सायब, या. बसा. पाक धरलाय, उठता याचं न्हाई."

"तुम्ही मला कसं ओळखलं?"

"तुमची मंडळी सांगती की. आमचं ह्ये ग्रॅजुएट हायेत म्हणून. लय बोलती तुमच्याबद्दल. फाइल हातात घेत्यात आन् वासावरनं सांगत्यात कुटल्या सालची ती."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी विचारलं, "तुमची चित्रं काढते ती, तुम्ही समोर बसता का?"

"मी कुटं बसतू. हितं बसाय मिळतंय व्हय? गुडघं गेलं हुबं ऱ्हाऊन. ती आपली च्या घिऊन त्या पोत्यावर बसती, हसती, काढती. मागल्या टायमाला मला शेपूट काढलं."

"राग नाही आला?"

आबांनी उलथणं फिरवत विचार केला. "राग कशापायी. शेपूट चांगलं काढलं व्हतं."

मी डबा ठेवून परत आलो. लोकलमध्ये मळवली येईपर्यंत मला आबांचा राग येत होता, आणि राग यावा असं त्यांनी काहीच केलं नव्हतं, म्हणून जास्तच येत होता.

त्यानंतरच्या रविवारी ती कामावर गेली, मुलगी मैत्रिणीकडे गेली आणि मी कपाटावरचा स्टीलचा डबा खाली काढला. चित्रं त्यात असायची, रबर लावून. मला फक्त मोजायचं होतं. कोण किती वेळा आहे, एवढंच. पण चित्रांवर तारखा नाहीत, क्रम नाही, कुकरच्या खाली स्टेशन, स्टेशनखाली कुकर. माझा हात थांबेना. मी जमिनीवर गठ्ठे लावले. घर, दुकान, प्रवास, प्राणी, इतर. मग ऑफिसच्या पिशवीतून लाल पेन काढलं आणि प्रत्येक पुठ्ठ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात नंबर घातला. एक ते चारशे बारा. फुलस्केप कागदावर रकाने आखून यादी केली. अनुक्रमांक, विषय, शेरा. शेवटी नाडी बांधली. दुपारचं जेवायचंही राहिलं. त्या दिवशी माझी मान जरासुद्धा दुखली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

मी स्वतःला सांगितलं की हे मी तिच्यासाठी केलंय. भेट म्हणून.

ती संध्याकाळी आली, हातपाय धुतले, आणि मी गठ्ठा तिच्यासमोर ठेवला. तिने नाडी सोडली. पहिला पुठ्ठा, दुसरा, तिसरा पाहिला. आबांच्या एका चित्रात वरच्या कोपऱ्यात चिमणी होती, तिच्या अंगावरच १८७ आलं होतं.

"ह्ये काय केलंत?"

"लावून दिलं. आता कुठलंही चित्र मिनिटात सापडेल."

"मला कुटं सापडवायचं व्हतं?"

"हरवली असती एखादी."

"हरवली असती तर हरवली असती." तिने यादी उचलली. ती वाचताना तिचे ओठ हलतात. ती दुसऱ्या पानावर थांबली. "हितं शेऱ्यात तुमी 'पुन्हा' लिवलंय."

मी सुटलेली नाडी बोटाला गुंडाळायला लागलो.

"आबा, पुन्हा. आबा, पुन्हा. शेळी, पुन्हा." तिने कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. "तुमी सोताला हुडकत व्हता व्हय?"

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "पप्पा चित्रात नाहीत मम्मी, पप्पा यादीत आहेत." एरवी आम्ही तिघंही हसलो असतो.

बायकोने पुठ्ठे परत नाडीत बांधले, माझ्यासारखीच गाठ मारली. "फाइल तयार झाली न्हवं? मग ठिवा तुमच्या रेकॉर्डला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा केला आणि गरम गरम पिऊन टाकला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पुठ्ठा नाही, पेन नाही. मी चार दिवस वाट पाहिली आणि मग विचारलं, "काढत नाहीस का काही?"

"वरती नंबर दिसतोय."

"कोऱ्या पुठ्ठ्यावर?"

"व्हय. कोऱ्यावर."

मी नवी वही आणली, आधीपेक्षा भारी. तिने थँक्यू म्हटलं आणि तिच्यात दुधाचा हिशोब लिहायला घेतला. लाल शाई पुसायचाही प्रयत्न केला मी. पुठ्ठ्याचा वरचा थर निघाला, शाई तिथेच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज बारीक. "मी कामशेतला उतारलेय. धडधडतंय. गाडीत बसवेना."

मोटारसायकल काढली आणि गेलो. स्टेशनाच्या बाकावर ती बसली होती, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर पालथे. हात गार होते. मी पाणी दिलं. आम्ही बराच वेळ बसलो. पुण्याकडची एक लोकल आली, गेली. माझ्या खिशाला पेन होतं, ऑफिसचं, निळं. ते काढून मी तिच्यासमोर धरलं. दुसऱ्या खिशात ऑफिसचा एक कोरा कागद होता, तोही धरला. तिने पेन घेतलं. कागदावर टेकवलं. टोकाखाली शाईचा ठिपका हळूहळू मोठा झाला. मग तिने पेन टोपण लावून परत दिलं.

"तुमी बगताय," ती म्हणाली.

"मी तिकडे बघतो."

"तिकडं बगूनबी बगताय."

मी विचारलं तेव्हा, जे इतके दिवस विचारलं नव्हतं. "मला का नाही काढलंस कधी?"

तिने पिशवीचे बंद सारखे केले. "दोनदा बसले व्हते. तुमी पेपर वाचत व्हता तवा. पेन टेकवलं की वाटायचं, ह्ये आता म्हणणार, कान खाली आलाय. हात आखडायचा."

"मी असं म्हणालो नसतो."

"कोंबडीला म्हणला की."

मला ती कोंबडी आठवली. दोन बोटं.

"आबाचं काय बी चुकलं तरी चालतंय," ती म्हणाली. "शेळीचं चुकलं तर शेळी काय म्हणती का? तुमचं चुकाय न्हाई पायजे असं वाटतं. मग त्यात गंमत कुटं ऱ्हाती? माझं डोस्कं हलकं व्हायला मी काढते. तुमाला काढायचं म्हणलं की पेपराला बसल्यागत व्हतंय."

सोळा वर्षांत मी तिच्या किती गोष्टी दुरुस्त केल्या ते मोजायला घेतलं असतं तर चारशे बारावर थांबलो नसतो. भाकरीचा आकार, फोनवरचं बोलणं, 'न्हाई' नव्हे, 'नाही'. मी शिकलो होतो, म्हणून मला चूक दिसायची. दिसली की सांगायची हे मला कर्तव्य वाटायचं. माझ्या शिक्षकांनी मला तसंच माणसात आणलं होतं. मी त्यांचा ऋणी आहे, आणि तरी त्या बाकावर मला ते सगळं जड झालं.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. मग उठली आणि गाडीवर मागे बसली.

त्यानंतर मी ठरवलं की काही विचारायचं नाही. न विचारणं हे माझ्यासारख्या माणसाला फाइल न लावता सोडण्यासारखं आहे. पण धरलं. ती आली की पाणी द्यायचं, दिवस कसा गेला एवढं म्हणायचं, ती सांगेल तेवढं ऐकायचं, मध्ये शब्द सुधारायचा नाही. पहिले काही दिवस माझी जीभ दाताखाली असायची.

दीडेक महिन्याने तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला निळी शाई दिसली. भाकरी थापताना. पिठात निळा डाग उतरला होता. मी ताटाकडे बघत राहिलो. मग रोज दिसायला लागली, कधी बोटाला, कधी तळहाताच्या कडेला. मालकाची नक्कल परत सुरू झाली. घरी एकही पुठ्ठा आला नाही. ती दुकानात काढत होती आणि दुकानातच ठेवत होती. मला बरं वाटलं. आणि मी जळलो. आधी निदान डबा माझ्या घरात, माझ्या कपाटावर होता. आता नवी चित्रं आबांच्या भट्टीपाशीच राहत होती.

गेल्या महिन्यात दुपारच्या सुट्टीत मी वडगावला कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. कुणीतरी खांद्याला हात लावला. आबा. डोक्याला टॉवेल नव्हता, पांढरी टोपी होती, म्हणून क्षणभर ओळख पटली नाही. जमिनीच्या वाटणीची तारीख होती त्यांची, पुढची मिळाली होती. मी चहा सांगितला. ते गुडघ्याबद्दल बोलले, भावाबद्दल बोलले, वकिलाबद्दल बोलले. मग कप तोंडाशी नेता नेता थांबून माझ्याकडे पाहायला लागले.

"काय झालं, आबा?"

"न्हाई. नाक बगतोय. बराबर आलंय."

"कुठे?"

"भितीवर की. भट्टीच्या शेजारी लावलंय. तुमी टेबलाशी बसलाय, लाल पेन घिऊन."

मी कप खाली ठेवला. "माझं चित्र काढलंय तिने?"

"आता एक हाय व्हय? पाच-सहा हायेत. पर त्ये भितीवरचं लय झ्याक. कारागीर समदी येता-जाता बगत्यात आन् हसत्यात. धूर लागून जरा काळं पडाय लागलंय."

"हसतात कशाला?"

"तुमच्या डोस्क्यावर जे बसवलंय..." आबांनी तोंड बंद केलं. मग हळूच म्हणाले, "न्हाई बा. त्ये न्हाई सांगायचं. तिनं बजावलंय, सायबास्नी कळू द्याचं न्हाई."

"माझ्या डोक्यावर काय आहे, आबा?"

"च्या चांगला हाय हितला," आबा म्हणाले.

ते गेल्यावर मी स्टेशनाकडे चालत गेलो. ऑफिसला परत जायची वेळ झाली होती, तरी गेलो. लोणावळ्याची लोकल यायची होती. चाळीस मिनिटांत मी भट्टीशी उभा राहिलो असतो. ते चित्र आबांनी पाहिलंय, कारागिरांनी पाहिलंय, शेंगदाणे उतरवायला येणाऱ्या हमालांनीसुद्धा पाहिलं असेल. ज्याचं आहे त्यानेच पाहिलेलं नाही. आयुष्यात मी पुष्कळांवर जळलो. इंग्रजी शाळेतल्या मुलांवर जळलो, बदलीसाठी ज्यांना ओळख लावता येते त्यांच्यावर जळलो. पण हमालांवर जळायची वेळ पहिल्यांदाच आली.

लोकल आली. दारं समोर थांबली. माणसं उतरली, चढली. मी तिथे गेलो असतो तर पहिल्यांदा काय पाहिलं असतं ते मला नीट ठाऊक होतं. कान. मी कान पाहिला असता, कुठे आलाय तो. गाडी सुटेपर्यंत मी उभा राहिलो आणि मग ऑफिसला परत गेलो. पंधरा मिनिटं उशीर झाला, हजेरीवर तसा लिहिला.

संध्याकाळी ती आली. पिशवी टेकवली, पदराने मान पुसली.

"कोर्टापाशी आबा भेटले होते," मी म्हणालो.

तिचा हात जागच्या जागी थांबला. "काय म्हणलं?"

"गुडघे फार दुखतात म्हणाले. पुढची तारीख मिळाली."

"आनि?"

"आणि काही नाही. तिथला चहा चांगला आहे म्हणाले."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडावर काही सापडतंय का ते तिने आधी पाहिलं. मग तिची नजर वर सरकली, कपाळाच्याही वर, डोक्यावर, आणि तिथे जरा वेळ टेकली. ओठ तिने आत घेतले होते. मी हात वर नेला नाही. ती वळली आणि चहाला आधण ठेवलं.